एका डेस्कटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं : दुसरं चालत नाही, चाललं तर रेंडर करताना मशीन बंद पडतं

रंगछटा

नमस्कार मंडळी. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममधल्या सायकल्स या रेंडर इंजिनवर रेंडर करण्यासाठी (म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र काढण्यासाठी) एका डेस्कटॉपमध्ये दोन कार्डं बसवली आहेत. मांडणी अशी :

मदरबोर्ड एटीएक्स, दोन लांब स्लॉट, मध्ये एक छोटा. प्रोसेसर १२ कोरचा, रॅम ६४ जीबी, दोन एम.२ एसएसडी. पॉवर सप्लाय ७५० वॅट, गोल्ड. वरच्या स्लॉटमध्ये १० जीबीचं कार्ड, ३२० वॅटचं, आठ पिनांची दोन कनेक्टर असलेलं. खालच्यात ८ जीबीचं, १७५ वॅटचं, आठ पिनांचं एक कनेक्टर. दोन्हींवरची चिप एकाच कंपनीची, पिढी एका पायरीने वेगळी. विंडोज ११.

अडचणी तीन आहेत.

१. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खालच्या कार्डावर पिवळा त्रिकोण येतो, आत 'कोड १२'.
२. कधी कधी रीस्टार्टनंतर त्रिकोण जातो. मग दोन्ही कार्डांवर रेंडर लावलं की एक-दोन मिनिटांत मशीन थेट बंद. निळा पडदा नाही, काही संदेश नाही.
३. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं साधन खालच्या कार्डासमोर 'एक्स४, १.१' दाखवतं, म्हणजे चार लेन (कार्ड आणि बोर्डामधले डेटाचे मार्ग) आणि लिंकची पिढी १.१. वरचं १६ लेनवर आहे.

वेगवेगळं चालवलं तर दोन्ही कार्डं व्यवस्थित चालतात. कुठून सुरुवात करावी?

तिसरा_पंखा

या तीन अडचणींची कारणं तीन वेगळी आहेत. एकत्र सोडवायला गेलात तर गुंता वाढेल. एका वेळी एकच गोष्ट बदला.

'वेगवेगळं चालतात' म्हणजे नेमकं कसं तपासलंत? प्रत्येक कार्ड एकटं, आधी वरच्या स्लॉटमध्ये आणि मग खालच्या, अशा चारही जोड्या व्हायला हव्यात. प्रत्येक वेळी किमान वीस मिनिटं पूर्ण भार. दोन्ही कार्डं खालच्या स्लॉटमध्ये अडखळली तर दोष स्लॉटकडे, म्हणजे बोर्डात किंवा बायॉसच्या सेटिंगमध्ये. एकच कार्ड दोन्ही स्लॉटमध्ये अडखळलं तर कार्ड संशयित. चारही जोड्या नीट चालल्या तर दोष 'दोघं एकत्र' असण्यात आहे, आणि मग उरतात पत्त्यांची जागा, वीज आणि उष्णता.

कार्ड काढताना सप्लायची वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा स्टँडबाय दिवा विझल्याशिवाय स्लॉटला हात लावू नका.

रंगछटा

वरचं कार्ड खालच्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं नव्हतं. आता चारही जोड्या झाल्या. सगळ्या चालल्या. म्हणजे 'दोघं एकत्र' असतानाच अडचण आहे.

मल्टिमीटर

मग कोड १२ पासून सुरू करू. त्याचा अर्थ, कार्डाला हवी तेवढी संसाधनं मिळाली नाहीत. ही संसाधनं म्हणजे वीज नव्हे, रॅमही नव्हे. प्रत्येक कार्ड प्रोसेसरकडे पत्त्यांचा एक पट्टा मागतं, त्यातून प्रोसेसर कार्डाच्या मेमरीशी बोलतो. जुन्या पद्धतीत हा पट्टा बहुधा २५६ एमबीचा असतो आणि शिवाय छोटे एक-दोन. बायॉस हे सगळं पहिल्या ४ जीबीच्या आत बसवायला बघतं. तिथे आधीच चिपसेट, एसएसडी, नेटवर्क, यूएसबी यांची गर्दी असते. दुसऱ्या कार्डाची वेळ येते तेव्हा सलग जागा उरत नाही. कधी बसतं, कधी नाही, म्हणून तुमचा त्रिकोण येतो-जातो.

उपाय बायॉसमध्ये आहे :

'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' चालू करा. बहुतेक बोर्डांत हे पीसीआय सबसिस्टिम किंवा ॲडव्हान्स्ड या पानावर असतं.
'सीएसएम' (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करा, म्हणजे बूट शुद्ध यूईएफआय पद्धतीने होईल.
'रिसाइझेबल बार' सध्या बंदच ठेवा. दोन्ही कार्डं स्थिर झाली की मग चालू करून बघा. ते चालू असलं तर कार्ड २५६ एमबीऐवजी आपल्या पूर्ण मेमरीएवढा पट्टा मागू शकतं, आणि त्यासाठी ४ जीबीच्या वरची जागा लागतेच.

मात्र सीएसएम बंद करण्याआधी एक गोष्ट पाहा. विंडोजची डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क ० वर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. जीपीटी असेल तर निर्धास्त पुढे जा. एमबीआर असेल तर विंडोजसोबत येणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधी चालवा, तेही बॅकअप घेतल्यावरच.

शिकाऊ_जीपीयू

मधेच विचारतो. दोन कार्डांना जोडणारा तो ब्रिज लावावा लागत नाही का? आणि दोन्ही कार्डं अगदी एकसारखी हवीत ना?

तिसरा_पंखा

नाही. रेंडरसाठी दोन्ही अटी लागू नाहीत. ब्रिज आणि एकसारखी कार्डं हा एसएलआयचा नियम, आणि एसएलआय ही दोन कार्डं जोडून खेळ चालवण्याची पद्धत होती. एनव्हिडियाने ती २००४ मध्ये आणली, एटीआयची क्रॉसफायर २००५ मध्ये आली. त्यात बहुतेक वेळा एक फ्रेम एक कार्ड काढायचं, पुढची दुसरं. फ्रेमची संख्या वाढायची पण दोन फ्रेममधलं अंतर एकसमान राहायचं नाही, त्यामुळे आकडा मोठा असूनही डोळ्यांना हिसके जाणवायचे. शिवाय प्रत्येक खेळासाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी प्रोफाइल लागायची. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नव्या एसएलआय प्रोफाइल बनवणं थांबवलं. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांत एनव्हीलिंक या नव्या ब्रिजची जागा असलेलं शेवटचं मोठं कार्ड ३०९० च्या घराण्यातलं. ४० मालिकेत ती नाहीच.

सायकल्ससारखं रेंडर इंजिन प्रत्येक कार्डाला स्वतंत्र काम देतं. कार्डं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून ब्रिज नको आणि जुळी कार्डंही नकोत. आज केवळ खेळांचा वेग दुप्पट व्हावा म्हणून दुसरं कार्ड घेणाऱ्याला मी ठामपणे नको म्हणेन.

रंगछटा

डिस्क जीपीटी निघाली. अबव्ह फोर-जी चालू, सीएसएम बंद. त्रिकोण गेला. बऱ्याच रीस्टार्टनंतरही परत आलेला नाही. @मल्टिमीटर, मनापासून आभार.

बंद पडणं मात्र तसंच आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' एवढंच दिसतं.

मल्टिमीटर

कर्नल-पॉवर ४१ वरून निष्कर्ष काढू नका. 'मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढंच ते पुढच्या बूटला सांगतं. कारण त्यात नसतं. खरी खूण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे : निळा पडदा नाही, संदेश नाही, एकदम काळोख. ड्रायव्हर कोसळला तर पडदा गोठतो, झगमगतो किंवा निळा होतो. पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली तर असं होतं.

सरासरीचा हिशेब करू. ३२० अधिक १७५, म्हणजे ४९५. कार्डांवर रेंडर चालू असताना प्रोसेसर पूर्ण भारावर नसतो, त्याचे ८० धरा. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६०. बेरीज ६३५. कागदावर ७५० पुरेसा दिसतो.

पण कार्ड सरासरीने वीज ओढत नाही. काही मिलिसेकंदांसाठी ते आपल्या मर्यादेच्या दीडपट किंवा त्याहून वर उसळतं. ३२० चे ४८०, १७५ चे २६२. रेंडरमध्ये दोन्ही कार्डांना काम एकदमच मिळतं, त्यामुळे उसळ्या एकमेकींवर पडण्याची शक्यता खेळापेक्षा जास्त. ४८० अधिक २६२ अधिक १४०, म्हणजे ८८२. अशी उसळी सप्लायच्या संरक्षक मर्यादेला लागली की तो बंद. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात नेमकी ही गोष्ट धरली आहे : मोठ्या सप्लायनी अगदी अल्पकाळ, १०० मायक्रोसेकंद, दुप्पट भार सोसला पाहिजे. त्याआधीच्या सप्लायना तशी सक्ती नव्हती.

कायमचा उपाय १००० वॅटचा चांगला सप्लाय. पण आधी तेच कारण आहे हे सिद्ध करा, त्याला खर्च काही नाही.

तांबडी_तार

त्याआधी केबल तपासा. वरच्या कार्डाची दोन कनेक्टर एकाच केबलच्या दोन टोकांवर लावली आहेत का? सप्लायसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलना शेवटी अशी शेपटी असते. आठ पिनांचं प्रत्येक कनेक्टर १५० वॅटचं आणि स्लॉट ७५ पर्यंत देऊ शकतो. एका केबलवर दोन्ही टोकं लावली तर सप्लायच्या बाजूच्या एकाच कनेक्टरवरून जवळजवळ सगळा प्रवाह जातो. व्होल्टेज पडतं, टोकं तापतात. तुमच्या मांडणीला सप्लायपासून तीन स्वतंत्र केबल हव्यात : दोन वरच्या कार्डाला, एक खालच्याला.

जास्तीची केबल लागली तर ती त्याच सप्लायच्या मॉडेलसाठी बनवलेलीच घ्या. कार्डाकडची बाजू सगळीकडे सारखी असते, पण सप्लायकडच्या बाजूला कोणत्या पिनमध्ये काय जातं याचं एक मानक नाही. कनेक्टर घट्ट बसतं, आणि १२ व्होल्ट जिथे जमीन (ग्राउंड) हवी तिथे जाऊ शकतात. यात कार्डं आणि बोर्ड दोन्ही कायमचे जातात.

प्रोसेसरची आठ पिनांची केबलही दिसायला जवळची असते. ती चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन अशी. जबरदस्ती करून बसवू नका.

आणि सॅटा किंवा मोलेक्सवरून आठ पिन बनवणारे जोड-अडॅप्टर या कामाला चालणार नाहीत. सॅटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटच मिळतात. त्यावर १५० चा भार टाकला की प्लास्टिक वितळतं.

रंगछटा

वरचं कार्ड शेपटीवालीच एक केबल लावून चालू होतं. सप्लायच्या पेटीतली तिसरी केबल काढून तिन्ही स्वतंत्र लावल्या. आता बंद पडायला वेळ लागतो, पण पडतं. सिद्ध कसं करायचं ते सांगा.

मल्टिमीटर

दोन पायऱ्या.

पहिली, पॉवरची मर्यादा. आफ्टरबर्नरसारख्या साधनात प्रत्येक कार्ड वेगळं निवडून पॉवर लिमिट खाली आणा. वरचं ७५ टक्के, म्हणजे २४० वॅट. खालचं ८० टक्के, १४० वॅट. बेरीज ४९५ वरून ३८० वर येते. 'दोन्ही कार्डांना सारखं सेटिंग' हा पर्याय चालू असेल तर बंद करा, पिढ्या वेगळ्या असल्या की तो गोंधळ घालतो.

दुसरी पायरी जास्त परिणामकारक आणि कमी लोकांना माहीत. पॉवर लिमिट हा सरासरीवरचा लगाम आहे. मिलिसेकंदाच्या उसळीला तो उशिरा पकडतो. उसळी अडवायची तर चिपच्या घड्याळाची (क्लॉकची) कमाल गतीच बांधून टाकायची. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एसएमआय या कमांड-साधनात ग्राफिक्स क्लॉक लॉक करण्याचा पर्याय आहे. वरचं कार्ड १७०० मेगाहर्ट्झला बांधा. कमांड विंडो ॲडमिन म्हणून उघडा आणि कार्डाचा क्रमांक नीट बघून द्या. हे सेटिंग रीस्टार्टनंतर जातं, त्यामुळे टिकवायचं तर टास्क शेड्यूलरमधून लॉगिनच्या वेळी चालवावं लागतं.

वेग त्या प्रमाणात घटत नाही. वरच्या टोकाचे शेवटचे शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ फार महागात पडतात : व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि हाती थोडंच लागतं.

एवढ्यावर मशीन तासभर टिकलं तर सप्लायवर शिक्कामोर्तब. तरीही पडलं तर पुन्हा इथे लिहा.

रंगछटा

टिकलं! दोन्ही पायऱ्या लावून संध्याकाळभर रेंडर चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. मर्यादा काढल्या की पुन्हा पडतं. म्हणजे कारण पक्कं. १००० वॅटचा येईपर्यंत मर्यादा तशाच ठेवतो.

आता तिसरं : एक्स४, १.१.

लेन_मोजणी

यातला १.१ हा दोष नाही. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला लिंकचा वेग खाली आणतं. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसच्या शेजारी प्रश्नचिन्ह आहे, ते दाबून रेंडर टेस्ट लावा आणि तेव्हाचा आकडा बघा. तो ३.० झाला पाहिजे.

एक्स४ मात्र खरं आहे, आणि बहुधा तसंच राहणार. स्लॉटची लांबी आणि त्यात प्रत्यक्ष ओढलेल्या लेन या वेगळ्या गोष्टी. साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी १६ लेन असतात. त्या दोन प्रकारे वाटल्या जातात. एकात सगळ्या १६ वरच्या स्लॉटला, आणि खालच्या लांब स्लॉटला चिपसेटकडून ४. दुसऱ्यात दोन्ही स्लॉट प्रोसेसरला जोडलेले, दुसरं कार्ड लावलं की आठ-आठ. कोणता प्रकार आहे ते बोर्डाच्या पुस्तिकेत स्लॉटच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. इंटेलच्या ६०० आणि ७०० मालिकेत प्रोसेसरच्या लेन अशा विभागण्याची मुभा झेड चिपसेटला आहे, बीला नाही, आणि एचमध्ये ते मॉडेलवर ठरतं. एएमडीच्या जुन्या बी४५० मध्ये नाही, एक्स५७० मध्ये आहे, पण तिथेही बोर्ड बनवणाऱ्याने वायरिंग तसं केलेलं असलं तरच. बायॉसच्या सेटिंगने नसलेल्या वायरी येत नाहीत.

तुमचं वरचं कार्ड १६ वरच राहिलं, म्हणजे तुमचा पहिला प्रकार.

त्याने बिघडतं काय? तिसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला साधारण ९८५ एमबी जातात. चार लेन म्हणजे ३.९ जीबी. सायकल्स दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत भरतं आणि मग आतल्या आत गणित करतं. ६ जीबीचं दृश्य चार लेनवरून भरायला तत्त्वतः दीड सेकंद. दहा मिनिटांच्या फ्रेममध्ये ते कळणारही नाही. फ्रेम पाच-सहा सेकंदांच्या असतील आणि हजारो असतील तर फरक दिसेल. अशा वेळी रेंडरच्या सेटिंगमध्ये 'पर्सिस्टंट डेटा' चालू करा, दर फ्रेमला सगळं पुन्हा भरलं जाणार नाही.

चिंता करायची ती आकडा एक्स४ ऐवजी एक्स१ दिसला तर. कारणं तीन : कार्ड एका बाजूने वर उचललेलं आहे, कडेच्या सोनेरी पट्ट्या मळल्या आहेत, किंवा एम.२ ने लेन खाल्ल्या आहेत. पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबराने घासू नका, सोन्याचा थर अगदी पातळ असतो.

शिकाऊ_जीपीयू

एम.२ ने लेन खाल्ल्या म्हणजे?

लेन_मोजणी

चिपसेटकडे लेन मोजक्याच असतात, म्हणून बोर्ड बनवणारे एकाच लेन दोन ठिकाणी जोडतात आणि मध्ये स्विच ठेवतात. तिसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावला की खालचा लांब स्लॉट बंद, किंवा चारवरून दोनवर. काही बोर्डांत सॅटाची दोन पोर्टं बंद होतात. पुस्तिकेत हे तक्त्याखाली बारीक अक्षरात असतं. दुसरं कार्ड अजिबातच दिसत नसेल, कोड १२ सुद्धा नसेल, तर सर्वात आधी हेच पाहावं. एसएसडी दुसऱ्या एम.२ मध्ये हलवला की कार्ड उगवतं.

उष्मांक

उष्णतेबद्दल कुणी बोललं नाही, आणि उन्हाच्या दिवसांत हीच अडचण सगळ्यात आधी येते.

@रंगछटा, वरचं कार्ड किती जाड आहे? स्लॉटच्या मागच्या पट्ट्यांमधलं अंतर २०.३२ मिमी असतं. दोन लांब स्लॉटमध्ये तीन घरांचं अंतर असेल तर ६१ मिमी. ५५ मिमी जाडीचं कार्ड वर बसवलं तर त्याच्या पंख्यांना आणि खालच्या कार्डाच्या पाठीला मिळून ६ मिमीची फट उरते. त्या फटीतून तीन पंख्यांना लागणारी हवा येत नाही, आणि जी येते ती खालच्या कार्डाच्या पाठीने आधीच तापवलेली. त्यामुळे तापतं ते नेहमी वरचं. वरच्याचे पंखे शंभर टक्क्यांवर आणि खालचं निवांत, हे चित्र दिसलं की कारण हेच.

चिपच्या तापमानाचा एकच आकडा पाहून थांबू नका. एचडब्ल्यूइन्फो या साधनात प्रत्येक कार्डाची चिप, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि मेमरी असे तीन आकडे वेगळे पाहा (सगळ्या कार्डांत तिन्ही येत नाहीत). जीडीडीआर६एक्स मेमरी असलेलं कार्ड ११० अंशांना पोहोचलं की स्वतःहून गती कमी करतं. चिप ७४ वर आणि मेमरी ११० वर, असं खुशाल होऊ शकतं.

करण्यासारखं : बाजूच्या झाकणाशिवाय एक रेंडर लावा. तापमान दहा अंशांनी उतरलं तर पेटीत हवा कमी येते आहे. समोरून दोन १४० मिमीचे पंखे आत, मागून एक बाहेर ही किमान गरज समजा. तळाशी जागा असेल तर तिथून आत फेकणारा एक पंखा थेट कार्डांच्या फटीकडे हवा देतो, आणि दोन कार्डांच्या मांडणीत त्याचा उपयोग इतर कुठल्याही पंख्यापेक्षा जास्त.

जाड कार्ड खाली आणि पातळ वर ठेवायचा मोह होतो. त्यात दोन गोष्टी बघा. खालच्या कार्डाखाली बोर्डाच्या कडेला यूएसबी आणि पुढच्या बटणांच्या पिना असतात, कार्ड त्यांवर दाबतं. आणि तुमच्या बोर्डावर मग मोठं कार्ड चार लेनवर जाईल.

तांबडी_तार

@उष्मांक शी सहमत, फक्त एक भर. कार्ड उभं बसवायला रायझर केबल वापरणार असाल तर तिची पीसीआय एक्सप्रेसची पिढी बघा. तिसऱ्या पिढीची केबल चौथ्या पिढीच्या कार्डाला लावली की लिंक आधी चौथ्यावर जुळते आणि मग भाराखाली चुका करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ-लॉगर', क्रमांक १७, यांची रांग लागते, किंवा काळा पडदा. बायॉसमध्ये त्या स्लॉटची पिढी 'ऑटो' वरून हाताने तिसरी करा.

कोरी_पाटी

ड्रायव्हरचा मुद्दा. एकाच कंपनीची दोन कार्डं असतील तर दोघांना मिळून एकच ड्रायव्हर चालतो, दोन आवृत्त्या शेजारी बसत नाहीत. म्हणून दोन्ही कार्डं ज्या आवृत्तीत आहेत अशी आवृत्ती अस्तित्वात असावी लागते. एनव्हिडियात केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांना ड्रायव्हरची शेवटची शाखा ४७०. ३० मालिका ४७० मध्ये आहे, त्यामुळे ती जोडी जमते. ४० मालिका त्यानंतर आली, म्हणून केप्लर आणि ४० मालिका एका विंडोजमध्ये जमत नाही. मॅक्सवेल आणि पास्कल या केप्लरनंतरच्या पिढ्यांना ५८० ही शेवटची शाखा. अशा जुन्या कार्डाबरोबर नवं लावलं असेल तर ड्रायव्हर आपोआप पुढे सरकू देऊ नका, अपडेटनंतर जुनं कार्ड अचानक गायब होईल.

एक एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं असेल तर दोन्ही ड्रायव्हर शेजारी चालतात.

साफ करण्याची रीत : नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. नेट तोडा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालतं. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा. मशीन बंद करा, दोन्ही कार्डं बसवा, सुरू करा, ड्रायव्हर घाला, नेट जोडा. एक कार्ड लावून ड्रायव्हर घालायचा आणि मग दुसरं लावायचं हेही बहुधा चालतं, पण शंका असताना कोरी सुरुवात बरी.

रंगछटा

रेंडर टेस्टमध्ये खालचं एक्स४, ३.० दाखवतं. झाकण काढल्यावर वरचं कार्ड ९ अंशांनी उतरलं, म्हणजे तळाचा पंखा लागणार. आता ब्लेंडरबद्दल विचारतो. लहान दृश्यं छान पळतात. मोठ्या दृश्याला दोन्ही कार्डं लावली की मेमरी संपल्याचा संदेश येतो, आणि फक्त १० जीबीचं लावलं तर चालतं. १० आणि ८ मिळून १८ होत नाहीत का?

रेषाखंड

होत नाहीत. प्रत्येक कार्डाला पूर्ण दृश्य आपल्याच मेमरीत ठेवावं लागतं. त्यामुळे दोन्ही निवडली की मर्यादा लहान कार्डाची, ८ जीबी. त्यातूनही विंडोज आणि मॉनिटर थोडी जागा घेतात, हाती साडेसातच्या आसपास येते. टेक्स्चरचा (वस्तूंवर चढवलेल्या चित्राचा) आकार दोन्ही बाजूंनी अर्धा केला की त्याची जागा चौथाईवर येते, तो उपाय आधी करून बघा. 'सिम्प्लिफाय' मध्ये टेक्स्चरची कमाल मर्यादा एका ठिकाणाहून घालता येते.

मॉनिटर कोणत्या कार्डाला लावावा हे ठरवून करा. मोठ्या दृश्यांसाठी मॉनिटर लहान कार्डाला लावा आणि प्रेफरन्सेस, सिस्टिम, सायकल्स रेंडर डिव्हायसेस इथे फक्त मोठ्याला खूण करा. १० जीबी जवळजवळ पूर्ण मिळतात आणि रेंडर चालू असताना माउस अडखळत नाही. दुसरा मॉनिटर असेल तर तोही त्याच कार्डाला. एक मॉनिटर एकाला आणि दुसरा दुसऱ्याला लावला की खिडकी ओढून नेताना चित्राची नक्कल एका कार्डातून दुसऱ्यात जाते, आणि वेगवेगळ्या रिफ्रेश दरांवर हे स्पष्ट जाणवतं.

ॲनिमेशनसाठी एक फार चांगली सोय आहे. ब्लेंडर दोनदा उघडा, एकात एक कार्ड, दुसऱ्यात दुसरं. आउटपुटच्या पानावर 'ओव्हरराइट' बंद आणि 'प्लेसहोल्डर्स' चालू करा. दोन्हींचं फोल्डर एकच. एक प्रत जी फ्रेम सुरू करते तिची रिकामी फाइल आधी बनते, म्हणून दुसरी ती सोडून पुढची घेते. वेगवान कार्ड आपोआप जास्त फ्रेम काढतं. प्रेफरन्सेस आपोआप सेव्ह होणं बंद ठेवा, नाहीतर एकातली निवड दुसऱ्यात घुसेल. रेंडर मध्येच तुटलं तर शून्य बाइटच्या फाइली शोधून काढून टाका आणि पुन्हा लावा, नाहीतर त्या फ्रेम कायमच्या रिकाम्या राहतील.

शिकाऊ_जीपीयू

दुसरं कार्ड फक्त दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या जादा फ्रेम बनवायला वापरतात, ते खेळांत उपयोगी पडतं का? माझ्याकडे खालचा स्लॉट असाच चिपसेटचा, ३.० वर चार लेन आहेत.

लेन_मोजणी

तिथे लेन खरोखर आड येतात, रेंडरसारखं नाही. खेळ वरच्या कार्डावर चालतो आणि प्रत्येक मूळ फ्रेम खालच्या कार्डाकडे न्यावी लागते. ३८४० × २१६० ची फ्रेम, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ३३ एमबी. सेकंदाला ६० म्हणजे २ जीबी. १२० म्हणजे ४ जीबी, आणि तुमची लिंक तत्त्वतः ३.९ वर संपते, प्रत्यक्षात त्याआधीच. २५६० × १४४० ला फ्रेम १४.७ एमबी, १४४ धरल्या तर २.१ जीबी. ते जमेल. म्हणजे तुमच्या स्लॉटवर १४४० पर्यंत करा. एचडीआरमध्ये पिक्सेलला जास्त बाइट लागतात, तेव्हा हाच हिशेब पुन्हा मांडा.

मॉनिटर खालच्या कार्डाला लावायचा. वरच्याला लावलात तर तयार फ्रेम पुन्हा त्याच वाटेने परत जातात. मग विंडोज खेळही खालच्याच कार्डावर सुरू करायला बघतं, कारण मॉनिटर तिथे आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या खेळाला वरचं कार्ड नेमून द्या.

रंगछटा

दोन ब्लेंडरची युक्ती लावली, चालली. एक शेवटचं : मोठ्या कार्डावर एखादी जड फ्रेम लागली की पडदा क्षणभर काळा होतो आणि रेंडर तुटतं. इव्हेंट ४१०१. मॉनिटर अजून मोठ्यालाच आहे.

कोरी_पाटी

४१०१ म्हणजे कार्डाने विंडोजला दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. @रेषाखंड यांनी सांगितल्याप्रमाणे आधी मॉनिटर लहान कार्डाला हलवा. शिवाय घड्याळ बांधलेलं असताना तुम्ही मेमरीचा वेग वाढवून ठेवला असेल तर तो मूळ आकड्यावर आणा, ओव्हरक्लॉक केलेली मेमरी नेमकी अशीच वागते.

एवढं करूनही आलं तर रजिस्ट्रीत, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, ग्राफिक्स ड्रायव्हर्स या फांदीवर 'टीडीआर-डिले' नावाचं ३२ बिटचं मूल्य बनवा आणि दशमान पद्धतीत ६० द्या. रीस्टार्ट करा. यानंतर खरंच अडकलेलं कार्ड विंडोजला साठ सेकंदांनी कळेल, तेवढा वेळ पडदा गोठलेला राहील. घाबरून बटण दाबू नका.

रंगछटा

मॉनिटर हलवला. ४१०१ गेलं, रजिस्ट्रीला हात लावावा लागला नाही. मेमरीचा वेग मूळचाच होता. सप्लाय बदलल्यावर मर्यादा काढून पुन्हा तासभर चालवेन आणि आकडे इथे टाकेन.

मल्टिमीटर

सप्लाय बदलताना जुन्या केबल पेटीत तशाच ठेवून फक्त डबा बदलू नका. नव्याच्या नव्या केबल, २४ पिनांपासून सॅटापर्यंत सगळ्या. आणि मर्यादा काढल्या तरी घड्याळ १७०० ला बांधलेलं ठेवून एकदा तुलना करा. वेळेत दोन-चार टक्क्यांचाच फरक आला तर ते बंधन कायम ठेवा, वरच्या कार्डाच्या त्या ६ मिमीच्या फटीला तेवढाच हातभार.